भिंतीच्या उत्तरेला

पाँडिचेरीच्या समुद्रकाठचा लांब रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद होतो आणि सारे गाव तेथे पायी येते. एका अंगाला फ्रेंच अमदानीतल्या पिवळ्या-पांढऱ्या इमारती, १८३६ साली प्रथम उजळलेले जुने दीपगृह. दुसऱ्या अंगाला ग्रॅनाइटच्या कोरीव खांबांच्या घेऱ्यात उभा असलेला गांधीजींचा पुतळा आणि समुद्र. रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये बऱ्याच लांबीवर काळ्या पाषाणांचा एक उतरता ढीग आहे. तमिळमध्ये या दगडाला करुंगल म्हणतात. लोक त्यावर बैठक मारतात, प्रेमिक खालच्या दगडांवर उतरतात, लाट फुटली की मुले ओरडतात. १९९०नंतर या गावात जन्मलेल्यांपैकी अनेकांनी समुद्राला पाय लावून कधी पाहिलेलाच नव्हता. त्यांच्या लेखी समुद्राचा काठ म्हणजे दगड. त्यांच्या आजोबांच्या लेखी तो वाळूचा होता, आणि त्या वाळूवर होड्या ओढलेल्या असत.

समुद्रकाठच्या अशा वाळूच्या पट्ट्याला मराठीत पुळण असा एक नेमका शब्द आहे. पुळण संपते तेथे, उंच वाळूवर, एक वेल पसरलेला असतो. आपट्यासारखी दुभंगलेली पाने, जांभळी फुले. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर तो आढळतो. कोकणात त्याला मर्यादवेल म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले त्याची दृष्टी मोठी म्हटली पाहिजे. समुद्राची मर्यादा दाखवणारी वस्तू त्याने वेलीत पाहिली. जी उधाणात थोडी मागे सरते, वाळू साठली की पुन्हा पुढे येते आणि वर्षानुवर्षे एकाच रेषेवर कधीच नसते.

पुळणीचे कामही याच जातीचे आहे. लाट तिच्या उतारावर चढते, चढता चढता दमते, आणि तिचे पाणी वाळूत मुरते. पावसाळ्यातल्या दांडग्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात खऱ्या. पण ती जवळच, पाण्याखाली एखाद्या दांड्यासारखी साचते, आणि त्या दांड्यावर पुढच्या लाटा काठापासून दूरच फुटतात. समुद्र निवळला की तीच वाळू हळूहळू परत काठाला लागते. पावसाळ्याच्या ऐन भरात काठाकडे पाहणाऱ्याला वाटते की जमीन गेली. मार्गशीर्षात पाहणाऱ्याला तीच जागा भरलेली दिसते. पूर्व किनाऱ्यावर महिने वेगळे, व्यवहार तोच.

या व्यवहाराला आणखी एक दिशा आहे, आणि पाँडिचेरीची सारी कथा त्या दिशेत आहे. लाटा किनाऱ्यावर सहसा सरळ येत नाहीत, तिरप्या येतात, आणि दर लाटेबरोबर वाळूचा कण थोडा पुढे सरकतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत ही वाळू उत्तरेकडे चालते, ईशान्येच्या मोसमात दक्षिणेकडे. पण उत्तरेची चाल अधिक दिवसांची आहे. वर्षाचा जमाखर्च मांडला तर काही लाख घनमीटर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलेली असते. काठावर उभ्या असलेल्या माणसाला ही नदी दिसत नाही. ती दिसते कोणी तिला अडवले म्हणजे.

अडवण्याचा पहिला मोठा प्रसंग मद्रासचा. मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकीत आणि काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून माणसे व माल फुटत्या लाटांतून काठाला येत. १८७६च्या सुमारास विल्यम पार्क्स या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे समुद्रात दोन दगडी बाहू घालण्याचे काम सुरू झाले. १८८१च्या चक्रीवादळाने ते मोडले, पुन्हा बांधले गेले, आणि दक्षिणेकडून येणारी वाळू त्या भिंतीशी अडली. ती साठत गेली, रुंदावत गेली. गव्हर्नर ग्रँट डफने त्याच दशकात तिच्या कडेने फिरण्याचा रस्ता करवला आणि त्याला मरीना नाव दिले. आज देशातली मोठी पुळण म्हणून जिचे कौतुक होते, जिच्यावर नेत्यांच्या समाध्या आणि शेंगदाण्याच्या गाड्या आहेत, ती अशी बंदराच्या पोटची आहे. मरीनावर फिरणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही. रायपुरम, कासिमेडु आणि तेथून एन्नोरपर्यंतच्या कोळीवस्त्यांना मात्र ते चांगले ठाऊक आहे. कारण त्या बंदराच्या उत्तरेला आहेत, आणि मरीनावर जी वाळू थांबली ती त्यांची होती. तेथे आता दगडांच्या राशींमागून रस्ता जातो.

एवढा धडा शंभर वर्षे समोर असताना पाँडिचेरीत तेच घडावे याचे नवल वाटते. १९८६ ते १९८९ या काळात गावाच्या दक्षिणेला, अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी, बंदरासाठी दोन दगडी बाहू समुद्रात काढले गेले. वाळू अडणार हे या वेळी कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. दक्षिणेला साठेल ती वाळू यंत्राने उपसून उत्तरेला टाकायची, अशी योजना होती. योजनेचा बांधकामाचा भाग पुरा झाला. वर्षानुवर्षे न कंटाळता वाळू उचलून टाकण्याचा जो भाग होता, तो कधी झाला, बहुतेक वेळा झाला नाही. भिंतीचे उद्घाटन करता येते, उपशाचे दरवर्षी कोण करणार? दक्षिणेला वीरांपट्टिणमची पुळण रुंदावली. उत्तरेला थोड्याच वर्षांत गावापुढची वाळू नाहीशी झाली, लाटा रस्त्याच्या पायाशी येऊन थडकू लागल्या, आणि मग आतल्या मुलखातल्या खाणींतून मालमोटारी दगड घेऊन येऊ लागल्या.

हा दगडांचा ढीग वाटतो तितका अडाणी नाही. मराठी वाचकाच्या मनात समुद्रातला दगड म्हटला की सिंधुदुर्ग उभा राहतो, मुरुडचा जंजिरा उभा राहतो: घडीव चिरा, घट्ट सांधा, तीन-साडेतीनशे वर्षे लाटांना छाती देऊन उभी असलेली तटबंदी. पण ते दुर्ग खडकावर उभे आहेत. वाळूवरच्या भिंतीचा धर्मच वेगळा. येथे चुना नाही, सांधा नाही, घडणावळ नाही. उलट दगड जितका ओबडधोबड, कोपऱ्याकोपऱ्यांचा, तितका चांगला. कारण तो शेजारच्या दगडात अडकून बसतो. गुळगुळीत गोटा तेथे निरुपयोगी. दगडादगडांत सुमारे चाळीस टक्के पोकळी राहते आणि तीच भिंतीची खरी शक्ती असते. लाट त्या पोकळ्यांत शिरते, फुटते, आपल्याच फेसात गुदमरते.

दगड किती मोठा हवा याचे गणित विसाव्या शतकात बसले. स्पेनच्या इरिबारेनने १९३८ साली एक सूत्र मांडले, पुढे अमेरिकेत हडसनने प्रयोगांवरून ते सुधारले. त्यातली एक गोष्ट सामान्य माणसालाही हादरवणारी आहे: लाटेची उंची दुप्पट झाली तर दगडाचे वजन दुप्पट होऊन भागत नाही, ते आठपट लागते. समजा एक मीटर लाटेला शंभर किलोचा दगड पुरला. दोन मीटरला तो आठशे किलोंचा हवा, तीन मीटरला सत्तावीसशे किलोंचा. या कवचाच्या दगडाखाली त्याच्या सुमारे दशांश वजनाच्या दगडांचा थर, त्याखाली आणखी लहान, आणि सर्वांत खाली वाळू निसटू नये म्हणून गाळणीसारखा पदर. मोठा दगड लहानाला धरून ठेवतो, लहान दगड वाळूला. एवढे मोठे दगड मिळेनासे झाले तेव्हा १९५० साली फ्रान्समधल्या ग्रनोब्ल येथे चार पायांचा काँक्रीटचा ठोकळा निघाला. तो टेट्रापॉड. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर ज्यांनी तारुण्य घालवले त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको.

अशा भिंतींची परीक्षा घेण्याची एक जागा समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, सिंहगडाच्या छायेत आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेचे मूळ १९१६ सालचे. तेथे हौदांत आणि लांबच लांब काचेच्या पन्हाळींत यंत्राने लाटा उठवतात आणि देशातल्या बंदरांच्या लहान लहान प्रतिकृतींवर त्या सोडतात. या शास्त्राची एक रीत मोठी गोड आहे: प्रतिकृतीतले इवले दगड पट्ट्यापट्ट्याने वेगवेगळ्या रंगांनी रंगवतात, म्हणजे तासभर लाटा खाल्ल्यावर कोणता दगड जागचा हलला हे दिसते. निळ्या पट्ट्यात तांबडा दगड दिसला की समजावे, येथे भिंत कच्ची आहे. खऱ्या समुद्रात दगडांना रंग नसतो.

त्यामुळे तेथे भिंत खचते ती कोणाच्या फारशी लक्षात न येता. पुळणीवर लाट निजते. उभ्या भिंतीवर ती आपटून मागे फिरते आणि जाताना भिंतीच्या पायाची वाळू घेऊन जाते. खालचा गाळणीचा पदर घातलेला नसेल, आणि घाईच्या कामात तो बहुधा नसतोच, तर दगडांच्या फटींतूनही वाळू शोषली जाते. मग भिंत बसू लागते. लोक म्हणतात, समुद्राने दगड गिळले. वास्तविक दगड तेथेच असतात, खाली. त्यांच्याखालची जमीन गेलेली असते. त्यावर पुढच्या वर्षी नवे दगड पडतात. किती ठिकाणी पाण्याखाली अशा दोन-तीन भिंती एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या असतील याचा हिशेब ठेवणे कोणत्याही खात्याला परवडणारे नाही.

पण हे सारे भिंतीच्या आतले दुखणे झाले. तिचे खरे देणे पुढे, जेथे ती संपते तेथे, निघते. वाळूचा प्रवाह आधीच रोडावलेला. त्यात गावापुढची जमीन दगडाखाली कुलूपबंद झालेली, म्हणजे लाटेला तेथून एक कणही मिळायचा नाही. तिची भूक तशीच पुढे जाते. शेवटच्या दगडापलीकडे किनारा एकदम आत वळतो, कोणी विळ्याने कापून काढावा तसा. पाँडिचेरीच्या उत्तरेला वैत्तिकुप्पम, सोलैनगर अशा वस्त्या एकीला लागून एक आहेत. कुप्पम म्हणजे कोळीवाडा. दगड एका कुप्पमपर्यंत आले की पुढच्याची पुळण जाऊ लागे. तेथले लोक रस्त्यावर उतरत, दगड मागत, आणि दगड आले की दुखणे त्याच्या पुढच्याकडे सरके. थोड्याच अंतरावर केंद्रशासित प्रदेशाची हद्द संपून तमिळनाडू सुरू होतो. दगडांना ही हद्द कळते, कारण त्यांचे पैसे दोन वेगळ्या तिजोऱ्यांतून निघतात. समुद्राला ती कळत नाही. हद्दीपलीकडच्या तंदिरायनकुप्पमची घरे आणि माड पडले ते ज्या बंदरामुळे, ते बंदर त्यांच्या राज्यातही नव्हते.

कुप्पममधल्या वयस्क माणसाला जुने गाव कोठे होते असे विचारावे, तर तो समुद्राकडे बोट दाखवतो. यात अलंकार नाही. देऊळ होते, जाळी वाळवायचे पटांगण होते, त्यापुढे होड्यांची रांग होती आणि त्याहीपुढे पाणी होते. दगडी भिंतीने मागचे घर वाचते हे खरे. पण कोळ्याचे घर भिंतीमागे असले तरी त्याचा धंदा भिंतीपुढे असतो. होडी ओढायला पुळण हवी. काठावरून दोन टोके धरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला तर नुसता मोकळा काठ लागतो. त्याला दहा-वीस माणसे लागतात आणि मासळी सर्वांत वाटली जाते. दगड आला की ते जाळे गुंडाळून ठेवावे लागते. होड्या शेजारच्या कुप्पमच्या वाळूवर लावाव्या लागतात, आणि मग दोन गावांत जागेवरून भांडणे होतात. ही भांडणे जमिनीच्या धुपीच्या कोणत्याही कोष्टकात येत नाहीत. १९९०पासून २०१८पर्यंतच्या सरकारी अभ्यासाने भारताच्या मुख्य किनाऱ्याचा सुमारे तृतीयांश भाग झिजत असल्याचे नोंदवले. किनारा झिजला म्हणजे किती जाळी गुंडाळली गेली, हे त्या आकड्यावरून समजायचे नाही.

म्हणून दगड मागणारे अज्ञानी ठरत नाहीत. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा पाँडिचेरीचे मूळ गाव दगडांच्या उंच काठामागे बऱ्याच अंशी सुखरूप राहिले, आणि दोन्ही बाजूंच्या सखल कुप्पमांत माणसे वाहून गेली. दीर्घकाळच्या धुपीचा आणि एका सकाळच्या त्या पाण्याचा प्रश्न एक नाही, हे अभ्यासकाने कितीही सांगितले तरी ज्याने ती सकाळ पाहिली त्याच्या मनात दगडाविषयीचा विश्वास कायमचा बसला. ज्याच्या ओट्याला दर अमावस्येच्या उधाणात पाणी लागते, त्याला वाळूच्या वार्षिक जमाखर्चाविषयी सांगत बसणे हा एक प्रकारचा निर्दयपणाच आहे. कोकणातली गावेही धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अशाच अधीरतेने अर्ज करतात. जांभ्याच्या मुलखात जांभा हलका आणि ठिसूळ म्हणून काळा दगड लांबून आणतात, आणि बंधारा झाला त्या वर्षी गाव समाधानाने नारळी पौर्णिमेचा नारळ त्या दगडांवरून समुद्रात टाकते.

केरळात या मागणीला सर्वांत मोठे रूप आले. त्या राज्याचा किनारा सुमारे ५९० किलोमीटरांचा, आणि त्यातला निम्म्याहून अधिक दगडी भिंतींनी बांधला गेला आहे. गंमत अशी की याच किनाऱ्यावर निसर्गाने स्वतःचा एक लाटारोधक करून ठेवला आहे. अलप्पुळच्या बाजूला पावसाळ्यात काही ठिकाणी समुद्राच्या तळाचा मऊ चिखल ढवळून निघतो आणि त्यात लाटा अशा विरतात की आजूबाजूला समुद्र खवळलेला असताना तेवढा पट्टा तळ्यासारखा निवांत असतो. त्याला चाकरा म्हणतात; त्या दिवसांत तेथे मासळीची चंगळ असते. कोचीचे बंदर उभारणाऱ्या रॉबर्ट ब्रिस्टो यांनी १९३८ साली या चिखलाच्या बांधांवर ग्रंथच लिहिला. दगड न हलणारा म्हणून बळकट. हा चिखल हलतो म्हणून.

कोचीच्या दक्षिणेला चेल्लानम ही खाडी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी, दाट वस्तीची पट्टी आहे. २०१७चे ओखी आणि २०२१चे ताउते या वादळांत तेथे समुद्र घरांतून वाहिला. लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. अखेर अभ्यास करून, सुमारे ३४४ कोटी रुपये खर्चून, सात किलोमीटरांहून थोडी लांब अशी टेट्रापॉडची भिंत २०२३पर्यंत उभी राहिली. काम उत्तम झाले. पुढच्या पावसाळ्यांत चेल्लानमची घरे कोरडी राहिली, भिंतीच्या माथ्यावरच्या वाटेवर लोक फिरायला येऊ लागले. भिंत पुत्तनतोडु येथे संपते. त्याच्या उत्तरेला कण्णमाली आहे. तेव्हापासून पावसाळा आला की कण्णमालीचे लोक रस्ता अडवून बसतात. त्यांची मागणी एकच असते, भिंत पुढे आणा.

पाँडिचेरीत मात्र एक वेगळा प्रयोग झाला. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या आराखड्याप्रमाणे २०१८ साली सचिवालयासमोर, काठापासून थोडे आत, पाण्याखाली पोलादी कवचाचा एक प्रचंड पाचरीसारखा अडथळा बसवला गेला. तो लाटेला थोपवत नाही, तिचा जोर तेवढा काढून घेतो. बरोबरीने बंदराचे मुख उपसून निघालेली वाळू उत्तरेला टाकण्यात आली. थोड्या महिन्यांत दगडांपुढे वाळूची एक कड दिसू लागली, मग ती रुंदावली, आणि पंचवीस-तीस वर्षांनी गावातली माणसे दगडांवरून खाली उतरून ओल्या वाळूत उभी राहिली. जुन्या लोकांनी नातवंडांना बोट धरून नेले. ती पुळण ऋतूप्रमाणे कमी-अधिक होते, उपसा थांबला की रोडावते. तिला कोणाचे तरी रोजचे लक्ष लागते, आणि अशी कामे आपल्याकडे फारशी चालत नाहीत. शिवाय ती गावापुढे आली आहे. उत्तरेच्या कुप्पमांपर्यंत ती जायची आहे.

तिकडे पावसाळ्याच्या तोंडाशी अजून मालमोटारी येतात. मागचा पाळा उचलला जातो, दगड गडगडत खाली जातात, धुळीचा लोट उठतो आणि वाऱ्याने समुद्रावर जातो. लोक लांब उभे राहून पाहतात. मोटारी गेल्या की चार-सहा जण मिळून होड्यांना खांदा देतात आणि त्या वाळूवरून आणखी थोड्या उत्तरेला नेऊन ठेवतात.